रविवारचा पिचर कोण?

मैदानाकाठी : वाचकांचे प्रश्न, ह्यूस्टनच्या ताईंची उत्तरं

या वेळी पत्रं नेहमीपेक्षा जास्त आली, कारण १३ फेब्रुवारी २०२६ च्या शुक्रवारी अमेरिकेतल्या कॉलेजांचा बेसबॉल सुरू होतोय. नव्या वाचकांना माझी ओळख करून देते. मी मूळची मिरजेची. सगळी नोकरी पॅथॉलॉजी लॅबमध्ये झाली, आधी मिरजेत आणि नंतर ह्यूस्टनच्या मेडिकल सेंटरमधल्या एका हॉस्पिटलात. मेन स्ट्रीट ओलांडला की समोर राइस विद्यापीठ, आणि त्याच्या कडेला रेकलिंग पार्क हे त्यांचं बेसबॉलचं मैदान. शनिवारची रात्रपाळी करून सकाळी घरी गेलं की दोन-तीन तासांत डोळे टक्क उघडायचे. मग दुपारी मी तिथे जाऊन बसायची. ही सवय २००१ पासूनची. शेजारी एक निवृत्त पोस्टमन बसायचे, त्यांनी मला स्कोअर लिहायला शिकवलं. आता वह्या सतरा झाल्यात. मी काही तज्ज्ञ नाही. खालची उत्तरं त्या वह्यांतली आहेत.

प्रश्न : ताई, माझी मुलगी गेल्या ऑगस्टपासून राइसला शिकतेय. हे कॉलेज २००३ मध्ये बेसबॉलचं राष्ट्रीय विजेतं होतं, यावर तिचा विश्वासच बसत नाही, कारण तिच्या मैत्रिणींपैकी कुणीही सामन्याला जात नाही. यंदा संघाची काही आशा आहे का? आणि पूर्ण हंगामाचं तिकीट घ्यावं का? (शुगर लँडहून एक बाबा)

उत्तर : स्पष्टच सांगते बाबा, जूनमध्ये ओमाहाची विमानाची तिकिटं काढून ठेवू नका.

ओमाहा म्हणजे कॉलेज बेसबॉलची पंढरी. नेब्रास्का राज्यातल्या या गावात १९५० पासून दर जूनमध्ये शेवटचे आठ संघ भिडतात. तिथवर पोचायचं तर आधी ६४ संघांच्या राष्ट्रीय स्पर्धेत घुसावं लागतं. राइसचा संघ १९९५ ते २०१७ अशी सलग तेवीस वर्षं त्या स्पर्धेत होता आणि सात वेळा ओमाहाला गेला. २०१७ नंतर एकदाही नाही. एवढंच नव्हे, तेव्हापासून एकाही हंगामात विजयांचा आकडा पराभवांच्या पुढे गेलेला नाही. गेल्या मार्चमध्ये तर पहिल्या सोळा सामन्यांत दोन विजय होते. हंगाम चालू असतानाच कोच बदलले. गेले ते होजे क्रूझ ज्युनिअर. खेळाडू म्हणून ते याच कॉलेजचा हिरा, १९९५ च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे मोठ्या लीगचे व्यावसायिक संघ नवे खेळाडू निवडतात त्या फेरीत, देशात तिसऱ्या क्रमांकावर निवडले गेलेले. आले ते डेव्हिड पिअर्स, २००३ च्या विजेत्या संघाचे सहाय्यक कोच. हिवाळाभर संघ हाताशी धरून तयारी करायची संधी पिअर्सना यंदा पहिल्यांदाच मिळाली आहे.

आता आशेचं. संघ कसा आहे हे विचारताना सगळे बॅटिंगचं विचारतात. मी एकच विचारते : रविवारी चेंडू कोणाच्या हातात असणार?

हे नीट समजावून सांगते, कारण सगळी मेख इथेच आहे. कॉलेजात तेच दोन संघ शुक्रवार, शनिवार, रविवार असे लागोपाठ तीन सामने खेळतात. एक पिचर, म्हणजे आपल्याकडचा बॉलर, शंभरेक चेंडू टाकून झाला की आठवडाभर त्याचा हात वापरायचा नसतो. त्यामुळे सगळ्यात चांगला पिचर शुक्रवारी, दुसरा शनिवारी आणि तिसरा रविवारी. शिवाय मंगळवारी किंवा बुधवारी एखादा सुटा सामना असतो, त्याला चौथा हवा. शुक्रवारचा पिचर बहुतेकांकडे असतो. बुडत्या संघाकडेही एखादा पोरगा ताशी पंच्याण्णव मैलांनी चेंडू फेकतोच, आणि त्याच्या दिवशी तो कुणालाही हरवतो. शनिवारचं कसंबसं निभावतं. रविवारी मात्र कॉलेजची खरी पत कळते, कारण तोवर बुलपेनमधले, म्हणजे मध्यात येऊन डाव सावरणारे हातही दमलेले असतात.

दमलेल्या संघाचं माझ्या वहीतलं पान कसं दिसतं? प्रत्येक बॅटरला एक चौकोन, चौकोनात बारीकसा हिरा, म्हणजे चार बेस. पिचरने चार चेंडू पट्ट्याबाहेर टाकले की बॅटर काही न करता पहिल्या बेसवर चालत जातो. याला वॉक म्हणतात, तिथे मी बीबी लिहिते. चेंडू अंगावर लागला तरी पहिला बेस मिळतो, ते एचबीपी. आता समजा पाचवी इनिंग, म्हणजे नऊ डावांपैकी पाचवा, आहे. वरून खाली वाचत या : बीबी, बीबी, एचबीपी. तिन्ही बेस भरले. पुन्हा बीबी, म्हणजे एक धाव आत ढकलली गेली. अजून बॅटला चेंडू लागलेला नाही! मग एक साधा सिंगल आणि आणखी दोन धावा. फटका एक, धावा तीन. क्रिकेटमध्ये वाइडची एक धाव गेली की गेली, माणूस चिडतो आणि पुढचा चेंडू येतो. इथे वाइडवाला बेसवर उभा राहतो आणि मागून येणाऱ्याची वाट पाहतो. पेन्सिलीने तो हिऱ्याचा कोपरा गडद करताना फार जिवावर येतं.

म्हणून माझं मोजमाप साधं आहे. नऊ इनिंगमधले वॉक आणि अंगावर मारलेले मिळून पाचाच्या आत राहिले, तर संघ सुधारतोय असं समजा, मग तो हरला तरी चालेल. सातावर गेले, तर दहा धावा काढूनही उपयोग नाही.

आता मुलीला २००३ बद्दल सांगा. त्या वर्षी राइसकडे तीन पिचर होते : जेफ नीमन, फिलिप हंबर, वेड टाउन्सेंड. नीमन सहा फूट नऊ इंचांचा. त्या हंगामात त्याचे १७ विजय आणि पराभव एकही नाही. संघाने मध्ये सलग तीस सामने जिंकले. इतर कॉलेजं आपल्या शुक्रवारच्या पिचरवर जगत होती. राइसचा रविवारचा पिचर बाकीच्यांच्या शुक्रवारच्याहून सरस होता. २००४ च्या ड्राफ्टमध्ये हंबर तिसरा, नीमन चौथा आणि टाउन्सेंड आठवा निवडला गेला. एकाच कॉलेजचे तीन पिचर पहिल्या आठात! ओमाहाची अंतिम फेरी त्याच वर्षी पहिल्यांदा तीन सामन्यांची झाली होती. समोर स्टॅनफर्ड. शनिवारी राइसने दहाव्या इनिंगमध्ये ४-३ जिंकला, रविवारी ३-८ हरला. सोमवार, २३ जून. दोन्हीकडचे हात दमलेले, आणि राइसकडे हंबर शिल्लक होता. त्याने नऊच्या नऊ इनिंग एकट्याने टाकल्या. १४-२. कुठल्याही सांघिक खेळात राइसचं ते पहिलं राष्ट्रीय विजेतेपद. मी त्या रात्री ड्यूटीवर होते. ब्रेकरूममधल्या टीव्हीचा आवाज बंद होता, आणि सेंट्रिफ्यूज थांबलं की मी दर वेळी एक चक्कर मारून यायची. सहाव्या चकरेला सुपरवायझरही माझ्यामागे येऊन उभी राहिली.

त्या संघाचे कोच वेन ग्रॅहम. तेव्हा वय ६७. पाठीवर ३७ नंबर, कारण तरुणपणी न्यूयॉर्क मेट्समध्ये ज्यांच्या हाताखाली ते खेळले त्या केसी स्टेंगल यांचा तो नंबर. ५५ व्या वर्षापर्यंत ग्रॅहम ह्यूस्टनजवळच्या सॅन जॅसिंटो या दोन वर्षांच्या कॉलेजात होते. तिथे सहा वर्षांत पाच राष्ट्रीय विजेतेपदं मिळवली. पुढे मोठ्या लीगमध्ये गाजलेले पिचर रॉजर क्लेमेन्स आणि अँडी पेटिट त्यांच्याच तालमीतले. मग १९९२ च्या हंगामापासून राइस. त्याआधी राइस त्या राष्ट्रीय स्पर्धेत एकदाही गेलेलं नव्हतं. पिचर बदलायचा असला की ते माउंडकडे, म्हणजे पिचर उभा राहतो त्या उंचवट्याकडे, अगदी सावकाश चालत जायचे, सावकारी वसुलीला निघाल्यासारखे. सप्टेंबर २०२४ मध्ये ते गेले.

त्यांच्यावर एक टीका कायम झाली, की पोरांचे हात फार वापरले. वही उघडली की मलाही अस्वस्थ वाटतं. २००३ च्या त्या तिन्ही पिचरच्या हातांवर पुढे शस्त्रक्रिया झाल्या. टाउन्सेंड मोठ्या लीगमध्ये पोचलाच नाही. नीमन टँपा बेकडून काही वर्षं चांगला खेळला आणि खांद्यामुळे थांबला. हंबरने २१ एप्रिल २०१२ ला शिकागो व्हाइट सॉक्सकडून सिॲटलविरुद्ध परफेक्ट गेम टाकला : सत्तावीस बॅटर आले, सत्तावीस बाद, एकही बेसवर पोचला नाही. आणि पुढच्याच वर्षी इथल्या ॲस्ट्रोजकडून त्याचे शून्य विजय, आठ पराभव. आठवा पराभव मी लिहिलेला नाही. त्या दिवशी वही पिशवीतच ठेवली.

तर यंदा. आजकाल संघ ओळखणंच कठीण झालंय. ट्रान्स्फर पोर्टल आल्यापासून खेळाडू दर जूनमध्ये कॉलेज बदलू शकतो, बसून राहायची शिक्षा उरलेली नाही. हरणाऱ्या संघातला चांगला पोरगा मोठ्या कॉलेजात जातो, आणि मोठ्या कॉलेजात बाकावर बसलेला इकडे येतो. कॉलेज आता खेळाडूंना उघडपणे पैसेही देऊ शकतं, आणि मोठ्या कॉन्फरन्समधल्या कॉलेजांच्या थैलीपुढे राइसची पुरचुंडी. त्यात प्रवेश अवघड, अभ्यास कडक. पण रडत बसायचं कारण नाही. राइसच्याच अमेरिकन कॉन्फरन्समधलं, म्हणजे आपसात खेळणाऱ्या कॉलेजांच्या त्याच गटातलं, सॅन अँटोनियोचं यूटीएसए बघा. गेल्या वर्षी त्यांनी राष्ट्रीय स्पर्धेत ऑस्टिनच्या टेक्सास विद्यापीठाला त्यांच्याच मैदानावर हरवलं आणि शेवटच्या सोळात गेले. त्यांच्याकडे काही खजिना सापडला नव्हता.

माझा अंदाज लिहून ठेवा, मे महिन्यात मला खुशाल खोटं पाडा : ५६ पैकी २४ ते २७ विजय. शुक्रवारी निम्म्याहून जास्त जिंकतील, रविवारी निम्म्याहून कमी. ६४ संघांत जायचा एकच रस्ता, कॉन्फरन्सची स्पर्धा जिंकणे, आणि त्याची आशा मी धरत नाही. मार्चच्या मध्यापर्यंत लागोपाठ चार रविवार एकच पिचर माउंडवर दिसला, तर समजा कोचला माणूस सापडलाय. दर रविवारी नवा चेहरा दिसला, तर शोध चालू आहे.

पूर्ण हंगामाचं तिकीट घेऊ नका. जागा भरपूर असते, त्या दिवशी काढा. मुलीला मंगळवार-बुधवारच्या सामन्याला पाठवा. प्रॅक्टिकल आटोपून आलेली पोरं पुस्तक घेऊन बसलेली असतात, तिला सोबत मिळेल.

प्रश्न : ऑस्टिनहून लिहितोय. ज्या पिअर्सना आमच्या टेक्सासने २०२४ मध्ये निरोप दिला, त्यांनाच तुम्ही उचललंत. आमचं उष्टं तुम्हाला गोड लागलं वाटतं? (एक विद्यार्थी)

उत्तर : बाळा, त्या 'उष्ट्या'ने तुमचा संघ २०१८, २०२१ आणि २०२२ असा तीनदा ओमाहाला नेला. तुमच्याकडे तेवढं पुरत नाही, हा तुमच्या श्रीमंतीचा प्रश्न. पिअर्स ह्यूस्टनचेच, नऊ वर्षं राइसमध्ये सहाय्यक होते. हे मैदान, इथला मे महिन्यातला दमट उकाडा आणि इथल्या अभ्यासाचं ओझं त्यांना ठाऊक आहे. दोन सामन्यांच्या मध्ये थर्मोडायनॅमिक्सची परीक्षा असलेल्या पोराला कसं वागवायचं, हे शिकवून येत नाही.

एक शंका माझीही आहे. टेक्सासमध्ये त्यांना देशातली हवी ती पोरं मिळत होती. इथे दुसऱ्या फळीतली पोरं घेऊन त्यांना घडवावं लागेल, आणि घडवलेलं पोर पोर्टलमधून तुमच्याकडे जाऊ नये म्हणून देवही पाण्यात ठेवावे लागतील. त्याआधी सॅम ह्यूस्टन स्टेट आणि टुलेन या मधल्या कॉलेजांत त्यांनी असं काम केलेलं आहे, तेवढ्यावर माझी भिस्त. आणि गेल्या वर्षी यूटीएसएने तुमचं काय केलं, ते वरच्या उत्तरात लिहिलंय. पुन्हा लिहायला मला आवडलं असतं, पण जागा नाही.

प्रश्न : माझा नातू ह्यूस्टनजवळच्या केटी गावी असतो, सोळा वर्षांचा आहे, पिचर आहे. व्हिडिओ कॉलवर सारखा कोपर चोळताना दिसतो. विचारलं तर म्हणतो, "आजी, कॉलेजची स्कॉलरशिप मिळायची तर टाकावंच लागतं." सून म्हणते, त्याला खेळू द्या. मी लांब बसून काय करू? (नाशिकहून एक आजी)

उत्तर : आजी, फोन करा आणि सुनेला नाही, मुलाला सांगा की पोराला आधी डॉक्टरकडे ने. मी लॅबवाली, डॉक्टर नव्हे. पण कोपर सारखं चोळणारा पिचर हा 'बघू पुढच्या आठवड्यात' म्हणायचा विषय नाही.

कोपराच्या आतल्या बाजूला एक छोटा अस्थिबंध असतो. जोरात फेकताना सगळा ताण त्याच्यावर येतो. तो तुटला तर जी शस्त्रक्रिया करतात तिला टॉमी जॉन म्हणतात. हा लॉस एंजेलिस डॉजर्सचा पिचर. १९७४ मध्ये डॉ. फ्रँक जोब यांनी त्याच्याच मनगटाजवळचा एक स्नायुबंध काढून कोपरात ओवला. तोवर अशी दुखापत म्हणजे खेळ संपला. जॉन १९७६ मध्ये परतला आणि १९८९ पर्यंत खेळला. त्याच्या २८८ विजयांपैकी १६४ त्यानंतरचे. तो स्नायुबंध तुम्हालाही दिसेल. तळहात वर करा, अंगठा आणि करंगळी एकमेकांना टेकवा, मनगट जरासं आत वळवा. मनगटाच्या मधोमध जी दोरी उभी राहते, ती ही. काहींना ती नसतेच. माझ्या उजव्या हाताला आहे, डाव्याला नाही, आणि साठ वर्षांत त्याने काही अडलेलं नाही.

पण ही गोष्ट ऐकून पोरं भलतंच शिकली. ऑपरेशन झालं की हात नवा होतो, असं त्यांना वाटतं. तसं नाही. परत यायला वर्षभर तर जातंच, आणि सगळेच परततात असंही नाही. अमेरिकन बेसबॉलच्या मार्गदर्शक नियमांप्रमाणे पंधरा-सोळा वर्षांच्या पोराने एका दिवसात ९५ हून जास्त चेंडू टाकायचे नसतात आणि त्यानंतर काही दिवस पूर्ण विश्रांती घ्यायची असते. गंमत अशी की पोरगा शाळेच्या संघात आणि क्लबच्या संघात, दोन्हीकडे टाकतो. दोन्ही कोच आपापले चेंडू मोजतात. बेरीज कुणीच करत नाही. ती तुम्ही करा! नाशकात बसून होण्यासारखं काम आहे. दर रविवारी विचारा, "बाळा, या आठवड्यात दोन्हीकडे मिळून किती टाकलेस?" आणि कॅलेंडरवर लिहा. तुमचा आकडा वाढत चाललेला दिसला की त्याचे आईबापही ऐकतील.

स्कॉलरशिपचं म्हणाल तर परवापर्यंत नियम असा होता की अख्ख्या बेसबॉल संघाला मिळून ११.७ स्कॉलरशिप, आणि त्या बऱ्याच जणांत वाटायच्या. लग्नाच्या पंगतीत शेवटच्या ओळीला श्रीखंड वाढावं तसं चमचा-चमचा. जून २०२५ मध्ये कोर्टाने मंजूर केलेल्या तडजोडीनंतर, तीत सामील झालेल्या कॉलेजांत संघ ३४ जणांचा आणि हवं तर सगळ्यांना स्कॉलरशिप, असं झालं. ऐकायला छान. पण जागा ३४ वर आल्या, आणि त्यातल्या बऱ्याच पोर्टलमधून आलेले बावीस वर्षांचे बाप्ये घेतात. शाळेतून थेट येणाऱ्या पोराची वाट अरुंद झाली आहे. राइसपुरतं सांगायचं तर २०१८ मध्ये त्यांनी जाहीर केलं की, तेव्हाच्या हिशेबाने, ६५ हजार ते १ लाख ३० हजार डॉलर उत्पन्न असलेल्या घरातल्या मुलाची ट्यूशन फी माफ. त्याला कोपर लागत नाही, मार्क लागतात.

प्रश्न : मोबाइलवर कॉलेज बेसबॉलचे तुकडे बघतो. बॅटचा आवाज 'टिंग' असा येतो, पितळी घागरीला खडा लागावा तसा. मोठ्या लीगमध्ये तर 'टक्' येतो. हा काय प्रकार? (सांगलीचे एक वाचक)

उत्तर : सांगलीकरांचे कान तयार आहेत. मोठ्या लीगमध्ये बॅट लाकडाचीच लागते. कॉलेजांना १९७४ पासून ॲल्युमिनियम चालतं, कारण लाकडी बॅटी मोडतात आणि परवडत नाहीत. पुढे धातूची बॅट इतकी उसळी द्यायला लागली की सामन्याचे आकडे कबड्डीसारखे दिसू लागले, आणि जवळ उभ्या पिचरच्या जिवाचीही काळजी वाटू लागली. २०११ पासून बॅटच्या उसळीवर नवी मर्यादा आली आणि होमरन, म्हणजे इथले षटकार, एका वर्षात जवळजवळ निम्म्यावर आले. मग सगळ्यांनाच कंटाळा यायला लागला, म्हणून २०१५ मध्ये चेंडूची शिवण थोडी चपटी केली. चपट्या शिवणीला हवा कमी अडते, चेंडू लांब जातो. मोजून-मापून परत वाढवलेली मजा ती. आवाज मात्र टिंगच राहिला. मला आता तोच बरा वाटतो.

प्रश्न : ताई, 'राइस'चा भाताशी काही संबंध? आणि त्यांचं चिन्ह घुबड का? दुसरं काही मिळालं नाही का त्यांना? (डोंबिवलीच्या एक वाचक)

उत्तर : भाताशी संबंध नाही. विल्यम मार्श राइस नावाच्या व्यापाऱ्याच्या पैशातून हे कॉलेज १९१२ मध्ये सुरू झालं. १९०० मध्ये न्यूयॉर्कला त्याचा खून झाला; नोकर आणि एक वकील यांनी संगनमत करून खोट्या मृत्युपत्राच्या जोरावर इस्टेट लाटायचा घाट घातला होता. तो उघडकीला आला म्हणून आज कॉलेज आहे.

घुबड तिकडे विद्येचं. आपल्याकडचं तुम्ही जाणताच. २००३ च्या विजयानंतर मी घुबडाची निळी टोपी आणली, तेव्हा सासूबाई इथे आल्या होत्या. टोपी घरात ठेवायची नाही म्हणाल्या. मी सांगितलं, बंगाल्यांत हे लक्ष्मीचं वाहन असतं. "मग बंगाल्यांच्या घरी ठेव," म्हणाल्या. टोपी तेव्हापासून गाडीच्या डिकीत राहते. २०१७ नंतरचे निकाल बघता त्यांचं चुकलं असं मी ठामपणे म्हणू शकत नाही.

प्रश्न : आमच्या मंडळातले वीसेक जण मिळून राइसचा एक सामना बघायचा विचार करतोय. निम्म्यांना खेळ कळत नाही. कोणता सामना निवडावा? ह्यूस्टन विद्यापीठाविरुद्धचा चालेल का? (ह्यूस्टनहूनच)

उत्तर : तो सामना गावातल्या गावात, त्यामुळे गर्दी आणि चुरस दोन्ही असतात. या दोघांच्या मालिकेला सिल्व्हर ग्लोव्ह म्हणतात. पण नवख्यांना घेऊन तिथे गेलात, तर अर्धा वेळ पार्किंगमध्ये आणि अर्धा 'आता काय झालं?' विचारण्यात जाईल.

मार्चच्या शेवटाचा घरचा रविवार निवडा. सामने बहुधा दुपारी असतात. फेब्रुवारीत उत्तरेचं वारं सुटलं तर हात गोठतात आणि मेमध्ये घामाने बाकाला चिकटायला होतं. पहिला रविवार, १५ फेब्रुवारी, टाळा. त्या दिवशी महाशिवरात्र आहे आणि मंडळींचा अर्धा जीव खिचडीत असेल. मेट्रोची रेड लाइन पकडा, ड्रायडनला उतरा, थोडं चाला. होम प्लेटच्या, म्हणजे बॅटर उभा राहतो त्या जागेच्या, मागे जाळीआड बसलात तर चेंडू वळताना दिसतो, तिथून खेळ लवकर कळतो. लहान मुलं असतील तर फाउल गेलेल्या चेंडूमागे पळू द्या, पण आईबापांपैकी एकाचं लक्ष बॅटरवर हवं.

मी तिथेच तिसऱ्या-चौथ्या रांगेत असते, वही मांडीवर. येऊन बोला, पण इनिंग संपल्यावर. आणि पेन्सिल मागू नका, एकच आणते.